माळावरील झाडांचा पाण्याचा जमाखर्च

कोल्हापूरच्या मुलास पावसाचें नवल वाटूं नये इतका तो त्याच्या परिचयाचा असतो. तथापि या जिल्ह्यांतील पावसाचे आंकडे एकाखालीं एक मांडून पाहिले म्हणजे कोणीही चकित व्हावें. गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारें ३४ मैलांवर कोल्हापूर शहर आहे. येथें तो ४० इंचांच्या आंतबाहेर येतो. आणखी ३० मैल पुढें शिरोळास जावें, तों अवघा २० इंचांच्या सुमारास उरतो. ढग तेच, वारा तोच. परंतु सह्याद्रि ओलांडतांना त्यांची झोळी बहुतेक रिकामी झालेली असते.

शिरोळच्या लोकांस ही वाण फारशी जाणवत नाहीं, कारण कृष्णा व पंचगंगा त्यांच्या शिवारांतून वाहतात, उलट इ. स. २०१९ च्या ऑगस्टांत तो तालुका महापुरानें बुडाला होता. खरा कोरडा मुलूख पाहावयाचा असेल तर नदीचें खोरें सोडून जत, आटपाडी, सांगोला, माण या बाजूच्या माळांवर गेलें पाहिजे. टेंभू व म्हैसाळ येथून उचललेलें कृष्णेचें पाणी आतां त्या भागांतील पुष्कळ शेतांत पोंचूं लागलें आहे. पण माळावरच्या हिवराला, बोरीला किंवा तरवडाला कोणी पाट काढून देत नाहीं. आमच्या वसतिगृहांतील कित्येक मुलांचीं घरें त्याच बाजूस आहेत. फाल्गुन लागला कीं गवत वाळून उडून जातें, विहिरींचे तळ दिसूं लागतात, आणि तरीही बांधावरचा जुना कडुलिंब चैत्रांत कोंवळ्या पालवीनें भरून येतो, हें त्यांनीं वर्षानुवर्षें पाहिलेलें आहे.

इ. स. २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहराची तहान भागविण्यासाठीं आमच्या शेजारच्या मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीस दहा टाक्या होत्या व त्यांत मिळून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. माणसास पाणी आणण्याकरितां आगगाडी लागते. झाडास तर जागचें हलतांही येत नाहीं. मग तें काय करितें?

या प्रश्नाचें एक उत्तर सर्रास ऐकूं येतें: “त्या झाडांना पाणी लागतच नाहीं.” हें उत्तर चुकीचें आहे, आणि केवळ चुकीचें नसून नुकसान करणारेंही आहे, कारण त्याच समजुतीवर विसंबून दर पावसाळ्यांत हजारों रोपें माळावर लाविलीं जातात व पुढच्या वैशाखांत तीं वाळून जातात. पाण्यावांचून वाढणारें झाड पृथ्वीवर नाहीं. भेद आहे तो जमाखर्चाचा. कोणी मिळकत वाढवितें, कोणी शिल्लक ठेवितें, कोणी खर्चास आळा घालितें, आणि कोणी तर दुकानच बंद करून बसतें.

प्रथम खर्चाची बाजू पाहूं. कारण तीच मोठी आहे. झाड मुळांनीं जें पाणी ओढून घेतें त्यांपैकीं शेंकडा ९५ हून अधिक पाणी पानांवाटे वाफ होऊन हवेंत निघून जातें. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या एका पाद्र्यानें हें प्रथम नीट तोलून दाखविलें. त्यानें कुंडींतील एक सूर्यफुलाचें झाड घेतलें, मातीचें तोंड बंद करून टाकिलें, आणि कुंडी दररोज तराजूंत घालून पाहिली. साडेतीन फूट उंचीचें तें झाड दिवसाच्या बारा तासांत सरासरीनें २० औंस पाणी हवेंत सोडीत होतें. हा प्रयोग त्यानें इ. स. १७२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दिलेला आहे. प्रयोगास लागलें काय? एक कुंडी, एक तराजू आणि रोज न चुकतां वजन टिपून ठेवण्याची चिकाटी.

एवढी उधळपट्टी झाड कां करितें? तें हौसेनें करीत नाहीं. पानाच्या पृष्ठभागावर, बहुधा खालच्या अंगास, डोळ्यांस न दिसणारीं सूक्ष्म तोंडें असतात. त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. एक चौरस इंच पानावर अशीं हजारों रंध्रें सांपडतात. आपण श्वासावाटे बाहेर टाकतों तो कर्बाम्लवायु हें झाडाचें अन्न, आणि तें याच तोंडांनीं आंत घ्यावें लागतें. आतां अडचण अशी कीं, हवेच्या दहा हजार भागांत हा वायु सुमारें चारच भाग असतो, म्हणून तोंडें पुष्कळ वेळ उघडीं ठेवावीं लागतात. आणि पानाच्या आंतली बाजू तर धुतलेल्या धोतरासारखी ओलीचिंब. तोंड उघडलें कीं चिमूटभर अन्न आंत येतें व ओंजळभर पाणी बाहेर जातें. तोंड मिटलें तर पाणी वांचतें, पण उपास घडतो. माळावरच्या प्रत्येक झाडापुढें जन्मभर हाच पेंच असतो: तहानेनें मरावें कीं भुकेनें?

या सौद्याचा भाव निरनिराळ्या वनस्पतींचा निराळा असतो. ब्रिग्ज व शांट्झ या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं शंभर वर्षांपूर्वीं कुंड्यांत पिकें वाढवून असें मोजलें कीं, एक शेर वाळलेलें पीक तयार होण्यास गव्हाला सुमारें ५०० शेर पाणी लागतें, लसूणघासाला ८०० शेरांहून अधिक, आणि ज्वारीला ३०० शेरांच्या किंचित् वर. माणदेशांत व सोलापुराकडे लोकांची भाकरी ज्वारीची कां, याचें उत्तर या तीन आंकड्यांत बरेंचसें आलें. शिवाय ज्वारीला आणखी एक विद्या येते. पाणी तुटलें कीं ती पानें गुंडाळून घेते, वाढ थांबविते आणि मेल्यासारखी उभी राहते. एखादी सर आली कीं पुन्हां कामास लागते. मक्यास हें फारसें साधत नाहीं.

झाडांकडे वळूं. बाभळीचें पान म्हणजे पान नव्हे, बारीक पानोळ्यांची फणी. मोठें पान उन्हांत तापतें. लहान पानोळीवरून वारा लागलीच उष्णता घेऊन जातो, म्हणून ती थंड राहण्यासाठीं पाणी उडविण्याची गरज कमी. बोरीचें पान उलटें करून पाहा: खालचें अंग पांढऱ्या लवीनें मऊ लागतें. त्या लवींत हवा अडकून राहते आणि रंध्रांवरून कोरडा वारा थेट वाहत नाहीं. रुईच्या पानावर मेणचट पुटकुळ्यांसारखें पांढरें पूट असतें तें बोटानें पुसून निघतें. पण या कलेंतला खरा कारागीर पाहावयाचा तर आपल्या शाळेच्या फाटकापाशीं असलेली कण्हेर पाहावी. तिच्या पानाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं धरिला, तर खालच्या अंगास लहान लहान कोनाडे दिसतात. रंध्रें त्या कोनाड्यांच्या आंत आहेत, आणि कोनाड्याच्या तोंडाशीं केंसांचा पडदा सोडलेला आहे. उन्हाळ्यांत आपण दारास वाळ्याचा पडदा लावतों. फरक इतकाच कीं आपला पडदा ओला असावा लागतो व कण्हेरीचा कोरडाच काम करितो.

असें काटकसरीनें मिळविलेलें पान शेळीनें एका घासांत खाऊन टाकिलें तर कसें परवडावें? ओल्या मुलखांतील झाड खाल्लेलें पान आठवड्यांत पुन्हां काढतें; माळावरच्या झाडास तीच तूट भरून काढण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून कोरड्या प्रदेशांत कांटे फार, चीक फार आणि तुरटपणा फार. हिवर व बोर कांट्यांनीं, शेर व रुई चिकानें, आणि बाभूळ व तरवड हीं सालींतील तुरट द्रव्यानें आपलें रक्षण करितात. हें तुरट द्रव्य आम्हां कोल्हापूरकरांच्या अगदीं पायांशीं आहे. कारण येथील प्रसिद्ध चपलांचें कातडें कमावण्यास बाभळीची साल व हिरडा वापरण्याची जुनी रीत आहे. कातडें कुजूं न देणारा जो गुण चांभारास हवा असतो, तोच गुण किड्याच्या व जनावराच्या पोटांत गेला म्हणजे अन्न पचूं देत नाहीं.

आतांपर्यंत सांगितलेलीं बहुतेक झाडें दिवसांच तोंड उघडतात. परंतु दुसरीही एक युक्ति आहे, आणि तिचा पहिला सुगावा लागला तो आपल्याच देशांत. बेंजामिन हायने हा जर्मन गृहस्थ मोरेव्हियन मिशनरी म्हणून तरंगमबाडीस आला आणि पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. त्यानें इ. स. १८१३ मध्यें लंडनच्या एका विद्वत्सभेस कळविलें कीं, पानफुटीचें पान सकाळीं चाखलें तर आंबट लागतें, दुपारीं त्यास चव राहत नाहीं, आणि संध्याकाळीं तें किंचित् कडवट लागतें. पानफुटी आपणांपैकीं बहुतेकांच्या अंगणांत आहे. पान मातीवर टाकलें तरी कडेला रोपें फुटतात तीच ही. हजारों लोकांनीं ती पाहिली होती. पण सकाळचें पान आणि दुपारचें पान वेगळें असेल ही शंका एकासच आली.

त्या आंबटपणाचें मर्म पुढें शतकाहून अधिक काळ लोटल्यावर पुरतें उकललें. पानफुटी दिवसां तोंडें मिटून बसते. रात्रीं हवा थंड व दमट झाली म्हणजे ती तोंडें उघडते, कर्बाम्लवायु आंत घेते आणि त्याचें आम्ल करून सांठवून ठेविते. हें मॅलिक आम्ल. आंबट सफरचंदांतही तेंच असतें. सकाळ होतांच दारें बंद, आणि आंत सांठविलेल्या आम्लांतून वायु मोकळा करून उन्हाच्या साहाय्यानें अन्न तयार करणें सुरू. दुपारपर्यंत सांठा संपतो, म्हणून पान आंबट राहत नाहीं. फड्या निवडुंग, घायपात, कोरफड हीं सर्व याच रात्रपाळीचीं कामकरी आहेत. गव्हाला जेथें ५०० शेर पाणी लागतें, तेथें यांचें काम शंभराच्या आंतबाहेर भागतें. मात्र रात्रींतून सांठेल तेवढेंच भांडवल असल्यामुळें यांची वाढ सावकाश. विद्यार्थ्यांनीं पान चाखून पाहूं नये, कारण पानफुटींत विषारी द्रव्यें असतात; प्रयोगशाळेंतील निळा लिटमस कागद सकाळीं व दुपारीं पानाच्या रसांत बुडवावा, म्हणजे जिभेचें काम कागद करील.

फड्या निवडुंगाविषयीं एक गोष्ट येथें सांगावीशी वाटते. हा मूळचा अमेरिकेंतला. येथें येऊन तो गांवकुसाबाहेर व ओसाड रानांत इतका माजला कीं त्याचा नायनाट कसा करावा ही विवंचना पडली. तरी त्याच्या पेरांत पाण्याचा सांठा असतो. मुंबई इलाख्यांत दुष्काळाच्या वेळीं त्याचे कांटे जाळून तो गुरांना घालण्याचे प्रयोग झाले. त्यानें पोट भरतें, पण अंगांत बळ येत नाहीं. पाणी फार आणि सत्त्व थोडें. पुढें इ. स. १९२६ मध्यें दक्षिण हिंदुस्थानांत त्यावर जगणारा एक बारीक किडा मुद्दाम सोडण्यांत आला आणि त्यानें रानेंच्या रानें मोकळीं केलीं.

पळस, काटेसावर, पांगारा, सालई यांचा मार्ग अगदीं निराळा. हीं झाडें पाण्याची टंचाई दिसूं लागतांच पानेंच टाकून देतात. पान नाहीं, म्हणजे रंध्र नाहीं, म्हणजे खर्च नाहीं. पण या निष्पर्ण झाडांवर भर उन्हाळ्याच्या तोंडाशीं फुलें येतात, त्यांना पाणी कोठून मिळतें? काटेसावरीचें व पांगाऱ्याचें लांकूड हलकें व भुसभुशीत असतें, आणि त्यांत पाणी मुरवून ठेविलेलें असतें. पानांवरचा खर्च थांबला कीं ती शिल्लक फुलांच्या कामीं येते. उंच खोडाचें कांडोळ, ज्यास कांहीं ठिकाणीं भुत्या म्हणतात, तें तर आणखी पुढें गेलें आहे. त्याची पांढरी, कागदासारखी साल नखानें सोलली तर खालीं हिरवा थर दिसतो. पानें गळल्यावरही खोड थोडथोडें अन्न करीत असतें. शेर व नेपती यांनीं तर पानांचा नादच बहुतेक सोडला आहे. त्यांच्या हिरव्या काड्याच पानांचें काम करितात.

चौकस विद्यार्थी येथें मला अडवील. पानें टाकणें हीच शहाणपणाची गोष्ट, तर कडुलिंब, करंज, पिंपळ हे ऐन चैत्र-वैशाखांत, म्हणजे वर्षांतल्या सर्वांत कोरड्या दिवसांत, नवी पालवी कां काढतात? हा प्रश्न खरोखरच विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडे पाऊस चार महिनेच. मृगाची पहिली सर येईल तेव्हां ज्याचीं पानें तयार आहेत त्यास चारही महिने काम करतां येतें. जो पाऊस आल्यावर पानें काढावयास बसेल त्याचा महिना तयारींतच जाईल. शेतकरी धूळवाफ्यावर पेरणी करून पावसाची वाट पाहतो तसाच हा हिशेब. परंतु हें धाडस करण्यास गांठीस कांहीं पाहिजे. आणि तें कोठें आहे हें पाहावयाचें तर आपणांस जमिनींत उतरावें लागेल.

आमच्या माळांची जमीन कशी असते तें एखादी नवी विहीर खणली जात असतां पाहावें. वर वीतभर किंवा हातभर माती, तिच्याखालीं मुरूम, आणि त्याखालीं काळा कातळ. माती चार दिवसांत वाळते, मुरूम सावकाश, आणि कातळाच्या भेगांत मुरलेलें पाणी वैशाखांतही सांपडतें. गवत मातीवर जगतें म्हणून प्रथम मरतें. कडुलिंब, हिवर, बाभूळ, बोर यांचें सोटमूळ मात्र मुरूम फोडून भेगांचा माग काढीत खालीं जातें. अशीं मुळें किती खोल जाऊं शकतात याची आपणांस सहसा कल्पना नसते, कारण तेवढें खोल खणून पाहण्याचें काम कोण करणार? अमेरिकेंत अ‍ॅरिझोनामधील एका उघड्या खाणींत, आपल्याकडील वेड्या बाभळीच्या जातकुळीच्या झाडाचें मूळ ५३ मीटर, म्हणजे सुमारें १७५ फूट खोलीवर सांपडलें. ही नोंद इ. स. १९६३ ची आहे. आपल्या दसरा चौकांत दरवर्षीं ज्या शमीचें पूजन होतें, तीही अशाच खोल मुळांची. राजस्थानांत तिला खेजडी म्हणतात व तेथील शेतकरी ती बाजरीच्या शेतांत मुद्दाम राखतात. भर उन्हाळ्यांत ती हिरवी असते आणि तिच्या पाल्यावर शेळ्या-उंट जगतात.

खोल मुळांची आणखी एक करामत थोड्याच वर्षांपूर्वीं कळली. चैत्रांत जोतिबाच्या यात्रेस जो सुगंधी दवणा वाहतात, त्याच्याच गणांतील एक झुडूप अमेरिकेंत यूटाच्या कोरड्या पठारावर उगवतें. इ. स. १९८७ मध्यें दोघां शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, रात्रीं रंध्रें मिटल्यावर त्या झुडपाचीं खोल मुळें खालचें पाणी वर ओढतात व वरच्या मुळांवाटे तें कोरड्या मातींत झिरपूं देतात. सकाळीं झुडूप तें परत घेतें, पण शेजारच्या गवतासही त्यांतला वांटा मिळतो. पुढें ही गोष्ट इतर पुष्कळ झाडांत आढळून आली. म्हणून बांधावरचें प्रत्येक झाड पिकाचें पाणी चोरतें असें सरसकट म्हणतां येत नाहीं. दाट सांवलीच्या बाभळीखालीं ज्वारी खुरटते हा शेतकऱ्यांचा अनुभव खोटा नव्हे. पण त्यांत सांवलीचा भाग किती व पाण्याचा किती हें झाडाझाडावर अवलंबून आहे.

एवढ्या खोलींतून पाणी शेंड्यापर्यंत चढतें कसें? येथें पंप नाहीं, हृदय नाहीं. डब्लिनचे डिक्सन व जोली यांनीं इ. स. १८९४ मध्यें जें उत्तर सुचविलें तेंच आज मान्य आहे. लांकडांत केंसाहून बारीक नळ्या असतात व त्यांतील पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असतात. वर पानांतून एक कण उडाला कीं तो खालच्यास ओढतो, तो त्याच्या खालच्यास, आणि ही सांखळी थेट मुळाच्या टोंकापर्यंत पोंचते. जमीन जितकी कोरडी, तितकी ही ओढ कठीण. अवर्षणांतील झाडाच्या नळ्यांत जो ताण असतो तो मोटारीच्या चाकांतील हवेच्या दाबाच्या दसपटीहूनही अधिक भरतो. ताण मर्यादेबाहेर गेला कीं सांखळी तुटते, नळींत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. इ. स. १९६६ मध्यें एरंडाच्या देंठास नाजूक यंत्र लावून या तुटण्याचा टिक् टिक् आवाजही ऐकण्यांत आला आहे. अवर्षणानें झाड मरतें तें बहुतेक असें: एकेक नळी बंद पडत जाते. बाभळीसारख्या झाडांच्या नळ्या हा ताण पुष्कळ सोसतात. बागेंतल्या सुखवस्तु झाडांच्या सोसत नाहींत. आणि ज्या झाडाच्या निम्म्याअधिक नळ्या बंद पडल्या आहेत तें कधीं कधीं पुढच्या पावसाळ्यांत हिरवें दिसतें, पण त्याच्या पुढच्या उन्हाळ्यांत वाळतें. लोक म्हणतात, “दुष्काळांत तगलें आणि आतां कां मेलें?” त्याचें मरण दुष्काळांतच ठरून गेलेलें असतें.

आतां त्या वाळून जाणाऱ्या रोपांकडे येऊं. रोपवाटिकेंत पॉलिथीनच्या पिशवींत वर्षभर वाढविलेलें रोप दिसण्यास मोठें गोजिरवाणें असतें. वर हातभर शेंडा आणि हिरवीगार पानें. पण पिशवीच्या तळाशीं गेलेलें सोटमूळ वाट न मिळाल्यामुळें वेटोळें घालून बसलेलें असतें. तें तसेंच खड्ड्यांत ठेविलें तर पुढेंही तें वेटोळेंच राहतें. म्हणजे खर्च करणारीं पानें पुष्कळ आणि मिळकत करणारें मूळ आंखूड! उलट, माळावर आपोआप रुजलेलें बाभळीचें किंवा कडुलिंबाचें रोप पाहा: पहिल्या वर्षीं जमिनीवर चार बोटें, आणि जमिनींत त्याच्या कितीतरी पट. तें दिसण्यास दीन, पण त्याचा हिशेब चोख.

यासाठीं माळावर झाड लावणारांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बाभूळ, हिवर, बोर, कडुलिंब यांचें बीज शक्य तेथें जागच्या जागींच पेरावें. लिंबोळी पिकली कीं लागलीच पेरली पाहिजे, कारण कांहीं आठवड्यांतच तिची रुजण्याची शक्ति जाते. बाभळीची बी उलट वर्षानुवर्षें टिकते, पण तिचें कवच कठीण. शेळीच्या पोटांतून आलेली बी लवकर रुजते, आणि जुने लोक मेंढवाड्यांतूनच बाभळीचें बीं गोळा करीत. पिशवींतलेंच रोप लावणें असेल तर लहान रोप घ्यावें, वेटोळें झालेलें मूळ कापून टाकावें, आणि खड्डा रुंद करण्यापेक्षां मुरूम फुटेपर्यंत खोल करावा.

पाणी घालण्याविषयीं तर फारच गैरसमज आहे. रोज सायंकाळीं तांब्याभर पाणी घातलें म्हणजे आपण झाडाची सेवा केली असें वाटतें; पण तें पाणी वरच्या चार बोटांत राहतें, मूळ त्याच्याच मागें वर वर पसरतें, आणि मे महिन्याच्या सुट्टींत सर्व मुलें गांवीं गेलीं कीं आठ दिवसांत रोप मान टाकितें. त्यापेक्षां आठदहा दिवसांनीं एकदां, पण सावकाश व भरपूर पाणी द्यावें, म्हणजे ओल खोल जाते आणि तिच्यामागोमाग मूळही. रोपाशेजारीं भाजलेलें साधें मडकें गळ्यापर्यंत पुरून तें भरून ठेवणें व तोंडावर झांकण घालणें ही जुनी युक्ति आजही उत्तम आहे. मडक्याच्या अंगांतून पाणी थेंबाथेंबानें मुळांशीं झिरपतें व उन्हानें उडून जात नाहीं.

लवकर हिरवें दिसावें म्हणून वेडी बाभूळ पसरूं देण्याचा मोह मात्र टाळावा. ती अमेरिकेंतली, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरपणासाठीं आपल्या देशांत आणलेली. पाण्याच्या हिशेबांत ती आमच्या बाभळीहून हुशार आहे हें खरें. पण ती शेजाऱ्यास राहूं देत नाहीं, आणि एकदां शिरलेल्या गायरानांतून तिला काढणें महाकठीण. आणि बांधावरचा साठ वर्षांचा हिवर तोडून त्याच्या जागीं दहा रोपें लावण्यांतही हिशेब चुकतो. त्या हिवराचें मूळ ज्या भेगेपर्यंत पोंचलें आहे तेथवर त्या दहांपैकीं एखादें पोंचलें तर पोंचलें, आणि तेंही कित्येक वर्षांनीं.

शेवटीं विद्यार्थ्यांस सुट्टींत करण्याजोगा एक प्रयोग सांगतों. हेल्ससाहेबांचा तराजू घरीं नसला तरी चालेल. स्वच्छ उन्हाच्या दिवशीं सकाळीं कडुलिंबाच्या एका डहाळीवर व रुईच्या एका डहाळीवर पारदर्शक पिशवी घालून तोंड दोऱ्यानें घट्ट बांधावें. रुई हाताळतांना तिचा चीक डोळ्यांत जाऊं देऊं नये. दोन तासांनीं पिशव्यांच्या कोंपऱ्यांत पाणी जमलेलें दिसेल. तें औषधाच्या मापानें मोजावें. हाच प्रयोग दुपारीं पुन्हां करावा आणि दुपारीं कोणत्या झाडानें तोंड अधिक मिटलें तें पाहावें. पाणी मोजतांना प्रत्येक पिशवींतील पानें आंखलेल्या कागदावर ठेवून त्यांचें क्षेत्रफळही काढावें. नाहींतर कडुलिंबाच्या शंभर पानोळ्यांची तुलना रुईच्या चार पानांशीं होऊन बसेल.